तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी काय पाहिलं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते. माझा मोठा भाऊ चिपळूण तालुक्यात शेती करायचा, वय ४१. गेल्या जुलैत लावणीच्या दिवसांत सोमवारी त्याला थंडी वाजून ताप आला. गावातल्या डॉक्टरांकडे गेला; आमच्या दोन पिढ्या त्यांच्याकडेच जातात. ‘व्हायरल आहे, सगळीकडे साथ आहे’ म्हणून त्यांनी इंजेक्शन आणि गोळ्यांच्या पुड्या दिल्या. बुधवारी पुन्हा गेला, पुन्हा तेच. शुक्रवारी त्याला दोघांनी धरून न्यावं लागलं. तेव्हाही इंजेक्शन आणि ‘अजून दोन दिवस लागतील’. रविवारी डोळे पिवळे झाले, लघवी जवळजवळ थांबली. मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. डायलिसिस केलं, पण फुप्फुसात रक्तस्राव होऊन मंगळवारी दादा गेला. गुरुवारी रात्री त्याने मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला होता, ‘पोटऱ्या अशा ठणकतायत की पाय टेकवत नाही.’ मीच त्याला म्हटलं, व्हायरलमध्ये अंग दुखतंच. अकरा महिने झाले. दादाचे मित्र म्हणतात, पोलिसांत केस करू. आई म्हणते, डॉक्टर देवमाणूस आहेत, त्यांच्यावर बालंट नको. वहिनी काहीच बोलत नाही; यंदा लावणीला तीच उतरणार आहे. ही डॉक्टरांची चूक आहे का? असेल तर मी काय करू?
– एक बहीण, पुणे

उत्तर :

तुमचं पत्र वाचताना मी एका कागदावर वार लिहून काढले. सोम, बुध, शुक्र, रवि, मंगळ. जुन्या सवयीने बोट शुक्रवारवर थांबलं.

सोमवारबद्दल मी तुमच्या डॉक्टरांना बोल लावणार नाही. जुलैमध्ये कोकणातल्या दवाखान्यात सकाळच्या वेळेत साठ-सत्तर माणसं तापाची असतात आणि त्यातली बहुतेक खरोखरच तीन-चार दिवसांत आपोआप बरी होतात. पहिल्या दिवशी फ्लू, डेंग्यू, मलेरिया, लेप्टो सगळे एकाच चेहऱ्याचे दिसतात: थंडी, ताप, डोकं आणि अंग दुखणं. त्या दिवशी ‘व्हायरल’ म्हणणारा डॉक्टर चुकला असं नंतर ठरू शकतं, पण तो निष्काळजी होता असं त्यावरून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली हेच सांगितलं आहे. अंदाज चुकणं निराळं आणि हयगय निराळी. तोलून बघायचं ते त्या जागी, त्या परिस्थितीत एखाद्या साधारण बऱ्या डॉक्टरने काय केलं असतं हे. मोठ्या शहरातल्या नामांकित तज्ज्ञाची फूटपट्टी गावच्या डॉक्टरला लावायची नसते.

ही सूट मात्र रोज मिळत नाही. बुधवारी ती अर्धी झाली. शुक्रवारी उरलीच नाही असं माझं मत आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण उद्या वकिलासमोर बसाल तेव्हा हीच गोष्ट तुम्हाला सांगता आली पाहिजे.

लेप्टोचे जंतू उंदरांच्या, गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून माणसाच्या अंगात शिरतात. चिखलणी आणि लावणी करणाऱ्या माणसाचे पाय दिवसचे दिवस त्याच पाण्यात असतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर याची मोठी साथ आली तेव्हा शहरातल्या लोकांना हे नाव कळलं, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते गावच्या आशाताईलाही पाठ आहे. म्हणजे पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ‘लावणी चालू आहे का, पाय कापलेत का’ हे विचारायला तिथल्या डॉक्टरला कुठली मोठी पदवी लागत नाही. आणि तपासणी? रुग्णाला पलंगावर आडवं करून पोटरी चिमटीत धरून दाबायची. लेप्टोचा रुग्ण पाय झटकन ओढून घेतो. पापणी खाली ओढून डोळा बघायचा. तो चिपडाशिवायच लालबुंद झालेला असतो. दोन्ही मिळून अर्धा मिनिट लागतो. तुमच्या दादाने गुरुवारी रात्री जे तुम्हाला सांगितलं, ते त्याने शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनाही सांगितलं असणार. आणि सांगितलं नसेल, तरी दोघांनी धरून आणलेला ४१ वर्षांचा शेतकरी ‘अंग दुखतंय’ म्हणून धरून आणलेला नसतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. दादाला सर्दी-खोकला होता का? फ्लू हे श्वासमार्गाचं दुखणं. नाक, घसा, खोकला यांतलं काहीच नसताना पाचव्या दिवशीही ताप उतरत नसेल, तर ‘फ्लूसारखं काहीतरी’ हे निदान नव्हे, निदान न केल्याची कबुली आहे. आम्ही डॉक्टर लोक ‘व्हायरल’ हा शब्द फार सैल वापरतो. रुग्णाला तो आवडतो, पुढच्याला आत बोलवता येतं.

शुक्रवारी काय व्हायला हवं होतं? प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारी रक्ततपासणी), कावीळ आणि लघवीची साधी तपासणी. यातलं काही चिपळूणात होत नाही असं नाही. लेप्टोची खास तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत बरेचदा निगेटिव्ह येते, म्हणून ती पॉझिटिव्ह यायची वाट बघायची नसते. संशयावरच डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी चालू करायची असते. ही गोळी स्वस्त आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर चिठ्ठी देऊन मोठ्या ठिकाणी पाठवायचं. उलट तुम्ही लिहिता तसं तीनही वेळा इंजेक्शनच दिलं असेल, तर त्यात काय होतं हे मला जाणून घ्यायचं आहे. ताप आणि अंगदुखी पटकन उतरवायला सर्रास वापरलं जाणारं डायक्लोफेनॅक असेल, तर लेप्टोने आधीच सुजलेल्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. घरात एखादी पुडी उरली असेल तर फेकू नका. गोळीवरचे आकडे-अक्षरं मेडिकलवाला वाचून देईल.

आता माझं थोडं. १९९१ साली मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो. तापाच्या साथीत एका शेतमजूर बाईला मी पॅरासिटॅमॉल देऊन घरी पाठवलं, व्हायरल म्हणून. तिच्याकडे मान वर करून नीट बघितलंसुद्धा नव्हतं. आमच्या सिस्टरने मला न विचारता तिच्या बोटातून रक्ताची काच घेऊन ठेवली होती, कारण तेव्हा प्रत्येक तापाची काच घ्यायचा नियम होता आणि बाई नियमाच्या पक्क्या. संध्याकाळी काच मलेरियाची निघाली, तोही मेंदूत जाणारा. जीप पाठवून तिला परत आणलं. ती बरळत होती. वाचली. सिस्टरने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून केस पेपर माझ्यासमोर ठेवताना ‘काच घेतली आहे, सर’ असं म्हणायला लागली. हे अशासाठी सांगतो की तुमच्या आईंना डॉक्टर देवमाणूस वाटतात हे मला खोटं वाटत नाही. देवमाणूस आणि शुक्रवारी न बघणारा माणूस एकच असू शकतो.

कायद्याकडे येऊ.

पोलिसांचा रस्ता मी सुचवणार नाही. निष्काळजीने मृत्यू हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये येतो. नोंदणीकृत डॉक्टरला त्यात जास्तीत जास्त २ वर्षांची शिक्षा आहे. पण फौजदारीसाठी नुसती हयगय पुरत नाही, ती ढळढळीत, अक्षम्य असावी लागते, आणि पोलिसांनाही आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, स्वतंत्र मत घ्यावं लागतं. मग फाईल सिव्हिल सर्जनकडे जाते आणि तिथे राहते. दादाचे मित्र दुःखात आहेत हे समजतं. त्यांतला कुणी दवाखान्यावर दगड उचलण्याची भाषा करत असेल तर त्याला सांगा, महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. मग न्याय मागायला आलेले तुम्ही आरोपीच्या बाजूचे व्हाल.

तुमचा रस्ता ग्राहक आयोगाचा. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची असते. तुमचे अकरा महिने गेलेत, तेरा उरलेत. घाबरण्याइतकी घाई नाही, पण पुढच्या वर्षीच्या गणपतीवर टाकण्याइतका वेळही नाही. तक्रार रुग्ण जिथे राहत होता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे रत्नागिरीत करता येईल. उपचारांसाठी दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर आयोगाची फी लागत नाही. आणि एक महत्त्वाचं: तक्रार तुमच्या नावाने नाही. दादाचे वारस म्हणजे वहिनी, मुलं असतील तर ती, आणि आई. तुम्ही धावपळ करा, कागद जमवा, पण सही त्यांची. ज्या दोघींना तुम्ही पत्रात एकेका वाक्यात उरकलंत, त्याच दोघींच्या हातात हे प्रकरण आहे. वहिनी बोलत नाहीत म्हणून त्यांना विचारायचं राहून गेलं असेल तर आधी ते करा.

त्यांनाच आणखी एक विचारा, एकटीला, शांतपणे. डॉक्टरांनी बुधवारी किंवा शुक्रवारी ‘रक्त तपासून घ्या’ असं सांगितलं होतं का? आणि दादा ‘लावणी आटपली की बघू’ म्हणाला होता का? असं होतं फार वेळा. तसं झालं असेल तर तुमचा दावा तिथेच पातळ होतो, आणि ते आयोगासमोर कळण्यापेक्षा आज स्वयंपाकघरात कळलेलं बरं.

वकिलाकडे जाण्याआधी कागद. मोठ्या रुग्णालयाची संपूर्ण फाईल मागा, नुसता मृत्यूचा दाखला किंवा डिस्चार्ज समरी नको. दाखल रुग्णाचे कागद ३ वर्षं जपून ठेवणं आणि रुग्णाच्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत देणं हे डॉक्टरांवर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, झेरॉक्सचे पैसे भरा. त्या फाईलचं पहिलं पान सगळ्यांत मोलाचं. रविवारी तिथल्या निवासी डॉक्टरने लिहिलं असेल: ताप सहा दिवस, पोटऱ्यांत तीव्र वेदना, भातशेतीत काम, बाहेर तीनदा उपचार. हे लिहिणाऱ्याचं तुमच्या प्रकरणाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याच्या चार ओळींना वजन असतं.

गावच्या डॉक्टरांकडे बहुधा कागदच नसेल, फार तर वहीत नाव आणि रक्कम. तरी लेखी मागा. नोंद न ठेवणं ही काही त्यांची ढाल होत नाही. दादा तिथे तीनदा गेला होता हे सिद्ध करायला दुसरी साधनं आहेत. फी फोनवरून दिली असेल तर यूपीआयमध्ये तारीख-वेळ निघेल. त्याला धरून नेणारे दोघे आहेत. आणि तुमच्याकडे गुरुवारचा आवाज आहे. तो दुसऱ्या फोनवर पाठवून मूळ फोन विकून टाकू नका. मूळ मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. तुम्ही तो आवाज आजवर स्वतःला दोष देण्यासाठी ऐकत आला आहात असं तुमच्या पत्रावरून वाटतं. मला त्यात आजार कुठवर पोचला होता याची तारीखवार नोंद दिसते, ती रुग्णाने स्वतःच्या तोंडाने दिलेली आहे. ‘व्हायरलमध्ये अंग दुखतंच’ हे तुम्ही म्हणालात ते डॉक्टरांनी सांगितलेल्या निदानावर विसंबून. पुण्यात बसून तुम्ही त्याची पोटरी कशी दाबणार होतात?

ती फाईल मग आपल्या जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या फिजिशियनला, शक्यतो सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्याला, वाचायला द्या. त्याचं लेखी मत मिळालं तर उत्तम. प्रत्येक खटल्यात तज्ज्ञाचं मत लागतंच असं मात्र नाही. व्ही. किशन राव खटल्यात एका बाईंना मलेरिया असताना खासगी रुग्णालयाने टायफॉइडचे उपचार केले आणि त्या गेल्या. वस्तुस्थिती पुरेशी बोलकी असेल तर तज्ज्ञाशिवायही निकाल देता येतो, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नवऱ्याला जिल्हा ग्राहक मंचाने (आताचा जिल्हा आयोग) दिलेली २ लाखांची भरपाई पुन्हा लागू केली. त्याहून तुमच्या प्रकरणाच्या जवळचा एक निकाल मुंबईचा आहे, पूनम वर्मा यांचा. तोही जुलै, १९९२ चा. त्यांच्या यजमानांना ताप आला, घराजवळच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हणून आणि मग टायफॉइड म्हणून औषधं दिली, रक्ताची तपासणी केली नाही, आणि दहा दिवसांत माणूस गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ३ लाखांची भरपाई दिली, कारण ते डॉक्टर होमिओपॅथीचे असून ॲलोपॅथीची औषधं देत होते, आणि ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात हात घालणं हीच निष्काळजी, असं न्यायालय म्हणालं.

तेव्हा दवाखान्याच्या पाटीवरची पदवी वाचून या. लहानपणापासून जाताय, कधी वाचली नसेल. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथी किती द्यावी याचे महाराष्ट्रात वेगळे नियम आहेत आणि त्यावर भांडणंही चालू आहेत. तो गुंता वकिलावर सोडा. पण पदवीवरून तक्रार कुठल्या परिषदेकडे जाईल तेही ठरतं. एमबीबीएस असतील तर मुंबईची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, इतरांच्या परिषदा निराळ्या. परिषद पैसे देऊ शकत नाही. ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ स्थगित करू शकते. पैशांपेक्षा ‘त्यांनी पुन्हा असं करू नये’ हे तुमच्या मनात जास्त असेल तर हा दरवाजा ठोठावा. दोन्ही एकदम करता येतात.

आता तुम्हाला न आवडणारं. आयोगात हयगय सिद्ध करून भागत नाही, त्या हयगयीमुळेच मृत्यू झाला हेही दाखवावं लागतं. डॉक्टरांचे वकील म्हणतील, फुप्फुसात रक्तस्राव होणारा लेप्टो वेळेत उपचार होऊनही माणूस नेतो. ते खोटं बोलत नसतील. बुधवारी डॉक्सी मिळाली असती तर दादा वाचलाच असता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याची शक्यता पुष्कळ वाढली असती, एवढं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर शपथेवर सांगेल. आणि निकाल लागायला वर्षं लागतात. वहिनींना तारखांना रत्नागिरीला जावं लागेल, एसटीने. हे सगळं धरून मग ठरवा.

आईंचं म्हणणं उडवून लावू नका. नोटीस जाण्याआधी त्या डॉक्टरांना एकदा भेटा. दहा जण घेऊन नाही. तुम्ही आणि वहिनी. शुक्रवारी त्यांनी काय पाहिलं एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. घरी आल्यावर जे बोलणं झालं ते तारीख घालून लिहून ठेवा. काही डॉक्टर अशा वेळी खरं सांगतात. काही जण फाटकातूनच परत पाठवतात, आणि त्यावरूनही आईंना ठरवायला सोपं जाईल. त्यांना हेही सांगा की बऱ्याच डॉक्टरांनी अशा दाव्यांसाठी विमा काढलेला असतो; भरपाई म्हणजे त्यांच्या घरावर जप्ती असं नेहमीच नसतं.

फाईल मिळाली की पहिलं पान आणि शुक्रवारनंतरचे रक्ताचे रिपोर्ट नावं झाकून मला पाठवा, मी वाचून कळवतो. आणि त्याच्याही आधी, या आठवड्यातच, वहिनींना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. जोखमीच्या भागात लावणीला उतरणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या गोळ्या देतात. त्यांच्याबाबतीत कधी, किती घ्यायच्या हे तिथले वैद्यकीय अधिकारी ठरवतील. पायांना भेगा असतील तर त्या दाखवा. गमबूट चिखलात रुततात म्हणून बायका घालत नाहीत, मला माहीत आहे. तरी घेऊन द्या.